भाड्याने दिलेली फोर्टीन

१८ एप्रिल १९९६, गुरुवार

शाळेच्या टाचणवहीची पानं उरली आहेत, त्यांवर लिहिते आहे. मागच्या जुलैपासून काही लिहिलं नव्हतं. लिहायला बसलं की झोप येते आणि झोपायला गेलं की येत नाही.

आज शाळेतून आले तर दारात जीप. मुंबईचा माणूस, राधाकृष्ण नावाचा. टीव्हीच्या एका मालिकेसाठी लागेल ते सामान जमवून देणं हे त्याचं काम. चित्रीकरण भंडारदऱ्याला, गोष्ट १९५२ सालातली, म्हणून त्या काळातली गाडी हवी. मुंबईहून एक आणली होती, ती कसाऱ्याच्या घाटातच बसली. संगमनेरात कुणीतरी त्याला सांगितलं की श्रीरामपूरला एका मिस्त्रीच्या घरी जुनी फोर्टीन आहे.

शेडमध्ये नेऊन दाखवली. त्याने चादर काढली आणि गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. हिंदुस्थान फोर्टीन, १९५१ची. मिशनमधले डॉक्टर मायदेशी गेले तेव्हापासून चिंचेखाली पडून होती. ह्यांनी सत्तर साली आणली तेव्हा मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. अकरा वर्षं गॅरेजचं काम आटपून रोज संध्याकाळी हे तिच्याखाली शिरायचे. मला त्यांचे फक्त पाय दिसायचे. ती रस्त्यावर आली तेव्हा आमचा हर्षल सात वर्षांचा होता.

भाड्याने द्याल का, त्याने विचारलं. म्हटलं, विचारून सांगते. कुणाला, म्हणाला. मी आतल्या खोलीकडे पाहिलं, त्यानेही पाहिलं. हे पलंगावर होते. तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ आली होती, ती मी जाऊन पुसली. तो माणूस खाली बघत राहिला आणि परवा येतो म्हणून गेला.

२० एप्रिल, शनिवार

गोरक्ष म्हणतो द्या. वीस वर्षं ह्यांच्या हाताखाली काम केलेला माणूस, आता गॅरेज तोच सांभाळतो. "गाडी उभी राहिली की मरती, बाई. म्हैन्यातून एकदा नुसतं चालू करून काय हुतंय? तिला रस्ता पायजे." हर्षलचा पुण्याहून फोन आला होता, त्याचं तिसरंच. विकून टाक म्हणाला. तुझी एक काळजी कमी होईल.

दुपारी ह्यांच्याजवळ बसून सगळं सांगितलं. कुठे, किती दिवस, कशासाठी. लकवा झाल्यापासून ते ऐकतात किती आणि कळतं किती, हे मला अजून समजलेलं नाही. शेवटी म्हटलं, देऊ का? त्यांनी डोळे मिटले. डोळे मिटणं म्हणजे हो, असं आमचं ठरलं आहे. खरं तर मी ठरवलं आहे, त्यांनी नाही.

राधाकृष्णला हो सांगितलं.

३ मे, शुक्रवार

बुद्ध पौर्णिमा. विहारात गेले नाही. घरीच मेणबत्ती लावून ह्यांच्या पलंगाशी बसून वंदना म्हटली. मधेच शब्द चुकले. पाठ असलेलं चुकतं म्हणजे किती थकलो असू आपण. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा कळलं चुकलं ते.

निवडणुकीच्या कामातून सूट मागितली होती, मिळाली नाही. दोन दिवस शेजारणीला बसवून गेले. आता सुट्टी लागली. शाळेतल्या सगळ्या बाई सुट्टीत गावी जाताहेत.

९ मे, गुरुवार

रंगुआक्का आल्या, ह्यांच्या थोरल्या बहीण, मिरजगावहून. मी गाडीबरोबर जाणार तोपर्यंत त्या ह्यांना बघणार. मी जायलाच हवं असं नाही, गोरक्ष चालवणार आहे. पण घरातलं कुणी बरोबर असल्याशिवाय फोर्टीन उंबऱ्याबाहेर जात नाही, हा ह्यांचा नियम. आणि घरातलं म्हणजे आता मीच.

आक्कांसाठी दोन पानं लिहून ठेवली. कूस केव्हा बदलायची, भात किती मऊ करायचा, घास कुठल्या गालात द्यायचा, औषधं. आक्का म्हणाल्या, "मला वाचता येत न्हाई, इसरलीस व्हय?" मग वाचून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू जा. भाऊ हाय माझा. मी काय त्याला खात न्हाई."

११ मे, शनिवार. भंडारदरा

पहाटेच निघालो. गोरक्ष चालवत होता, मी शेजारी. लोणीला लोक चहा सोडून रस्त्यावर आले. एक म्हातारा हात लावून बघत होता, त्याला गोरक्षने काही म्हटलं नाही. संगमनेर आलं हे आठवतं. त्यापुढचं काहीच नाही. जाग आली ती राजूरला. अख्खं अकोलं झोपेत गेलं. गोरक्ष म्हणाला, दोनदा हाक मारली, उठला न्हाईत, मंग मारलीच न्हाई.

इथे हवा गार आहे. तलावाचं पाणी खूप खाली गेलंय. विश्रामगृहात मला एकटीला खोली दिली आहे. दार आतून लावता येतं.

१२ मे, रविवार

काल नऊला आडवी झाले आणि उठले तेव्हा खिडकीत ऊन होतं. मधे एकदाही जाग आली नाही. दोन वाजता ह्यांची कूस बदलायची असते, गेले दहा महिने दोनला डोळे आपोआप उघडतात. काल नाही उघडले. कुणाचं तरी काहीतरी चोरल्यासारखं वाटलं. तोंड धुताना आरशात बघायचं टाळलं.

गॅरेज बंद, म्हणून शेजारच्या औषधाच्या दुकानात फोन करून आक्कांना बोलावून घेतलं. बरा हाय म्हणाल्या, जेवला. किती जेवले, विचारलं. "जेवला म्हनलं ना," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

दिवसभर गाडी नुसती उभी होती आणि तिच्यासमोर माणसं बोलत होती. नायिका डॉक्टरीण आहे, डोंगरातल्या खेड्यांत हिंडून दवाखाना चालवते. ते काम करणारी मुलगी सृष्टी नावाची, हर्षलच्या वयाची. मला मावशी म्हणते. तिला गाडी चालवता येत नाही, म्हणून गाडी चालते त्या वेळी तिच्याऐवजी साडी नेसवून पाठमोरा कुणी पुरुष बसवायचा असं चाललं होतं. मी खुर्चीवर बसून शेंगा खाल्ल्या. कुणी मला काही मागितलं नाही.

१३ मे, सोमवार

सकाळी थंडीने गाडी सुरू होईना. गोरक्षने हँडल लावलं आणि ते उलटं फिरलं. मनगट मोडलं. त्याला राजूरच्या दवाखान्यात नेऊन प्लास्टर घालून आणलं. वेदनेने तोंड पांढरं पडलेलं, तरी एकच घोकत होता, मिस्त्री काय म्हनतील. अंगठा दांड्याच्या बाहेर ठेवायचा हे ह्यांनी त्याला पहिल्या दिवशी शिकवलं होतं म्हणे.

मालिकेवाल्यांचे दोन ड्रायव्हर बसून बघून गेले. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, तोही त्यांच्या सवयीपेक्षा उलटा. एकाने असा काही आवाज काढला की मीच ओरडले, थांबा. राधाकृष्ण डोकं धरून बसला. मालिकेचे लोक म्हणाले, आजचा दिवस गेला, उद्याचाही गेला तर गाडीचा भागच काढून टाकू.

तेव्हा गोरक्ष म्हणाला, "बाईंना येती की."

सगळे माझ्याकडे बघू लागले. गाडी रस्त्यावर आली त्या वर्षी ह्यांनी दोन महिने दर रविवारी साखर कारखान्यामागच्या मैदानावर मला शिकवलं होतं. मग ते का थांबलं आठवत नाही. त्याला पंधरा वर्षं झाली. मी नाही म्हटलं.

१४ मे, मंगळवार

चालवली.

आधी विश्रामगृहाच्या आवारात चार फेऱ्या. गोरक्ष गळ्यात हात अडकवून शेजारी. डोक्याला काही आठवत नव्हतं, पण पायांना आठवत होतं. मग धरणाच्या रस्त्याने गेलो. चौथा गिअर पडला तेव्हा गोरक्ष म्हणाला, "आता तिला बरं वाटलं." मला वाटलं माझ्याबद्दलच बोलतोय.

दुपारी मला सृष्टीची साडी नेसवली, पांढरी, बारीक निळ्या काठांची. अंबाडा घातला. मागून दोघी सारख्याच दिसतो म्हणाले. कॅमेरावाला मागच्या सीटवर बसला आणि मी गाडी वळणावरून घेऊन गेले. पुन्हा, पुन्हा. एकदा शेळ्या आडव्या आल्या, एकदा एसटी. ड्रायव्हरने एसटी थांबवून विचारलं, बाई, कुठल्या गावच्या? मी म्हटलं श्रीरामपूरच्या. कॅमेऱ्यात ते आलं म्हणून सगळे हसले, मीही हसले.

फोन करायचा राहिला.

१६ मे, गुरुवार

आज मी क्लच जाळला.

चढावर गाडी थांबवायची, डॉक्टरीण उतरून एका आजारी बाईला बघते, मग पुन्हा चढावरूनच निघायचं. उतरणारी सृष्टी, निघणारी मी. दिग्दर्शकाला सावली हवी तशी मिळेना. अकरा वेळा चढावरून निघाले. गाडी मागे जाईल या भीतीने पाय क्लचवरून उचलवतच नव्हता. अकराव्या वेळी वास आला आणि इंजिन ओरडलं, पण गाडी जागची हलली नाही.

लोकांनी ढकलत खाली आणली. मी पांढऱ्या साडीत मागे मागे चालत होते. कुणी काही बोललं नाही, राधाकृष्णने उलट चहा आणून दिला. पण अकरा वर्षं मी ह्यांचे पाय त्या गाडीखाली बघितले आहेत.

गोरक्षला म्हटलं, हे ह्यांना कळता कामा नये. क्लच जळल्याचं नाही आणि मी चालवल्याचंही नाही. तो म्हणाला, सांगून टाका बाई, काय करत्यात ते? मी नाही म्हटलं. ज्या माणसाला स्वतःचा उजवा पाय हलवता येत नाही, त्याला कुठल्या तोंडाने सांगू की मी घाट चढले?

१९ मे, रविवार. घरी

क्लचच्या प्लेटला संगमनेरहून नवं अस्तर बसवून आणलं. गोरक्षने एका हाताने आणि तोंडाने सांगून राजूरच्या मिस्त्रीकडून बसवून घेतली. काल उरलेलं चित्रीकरण झालं. चार दिवस ठरले होते, नऊ झाले.

येताना मीच चालवली, दुसरं कोण होतं? आमच्या गल्लीच्या वळणावर मला एकदम वाटलं की सरळ पुढे नेवाशाकडे निघून जावं. कशासाठी, माहीत नाही. नेवाशात माझं कुणी नाही.

शेडमध्ये गाडी लावून आत गेले. ह्यांना आक्कांनी खुर्चीत बसवलं होतं, उशा लावून. मी सांगितलं, गोरक्षचा हात मोडला म्हणून त्यांच्याकडच्या ड्रायव्हरने गाडी आणून सोडली, तो लगेच परत गेला. सरळ तोंडाने सांगितलं. ह्यांनी गोरक्षच्या प्लास्टरकडे पाहिलं. मग माझ्या पायांकडे. चपलेला तेल लागलं होतं, मी पाय मागे घेतला.

मग त्यांनी मान फिरवली.

२० मे, सोमवार

तोंड भिंतीकडे. माझ्या हातून दोन घास खाल्ले, तिसऱ्याला ओठ मिटले. नऊ दिवस सोडून गेले याचा राग आहे. असणारच. मला तर नऊ दिवसांत बरं वाटलं होतं, हे त्यांना माझ्या तोंडावर दिसलं असेल.

रात्री दोनला जाग आली. सवय मोडलेली नाही.

२३ मे, गुरुवार

आक्का आज गेल्या. जायच्या आधी भांडलो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मी ह्यांना भरवत होते तर आक्का म्हणाल्या, "त्याच्या हातात चमचा दे." मी म्हटलं, सांडतं, अंगावर पडतं. त्या म्हणाल्या, मी नऊ दिवस दिला, खाल्लं त्याने डाव्या हाताने, सांडलं तर पुसलं. "मी न्हाई भरवलं. म्हनलं, एक हात हाय की अजून." मला राग आला. मग माझ्याकडे असताना का नाही खात? मी दहा महिने एकेक घास मऊ करून देते तो का? आक्कांनी पिशवी उचलली. म्हणाल्या, "लई दमलीस गं तू. कळाया पायजे कुनाला तरी."

म्हणजे मी नीट करत नाही असंच ना?

ह्यांच्या हातात चमचा दिला. त्यांनी माझ्याकडे न बघता सगळा भात संपवला. निम्मा मांडीवर. मी पुसायला गेले तर त्यांनी माझ्या हातातून फडकं घेतलं.

१७ जून, सोमवार

शाळा सुरू. पहिलीला अठ्ठेचाळीस मुलं. फोर्टीनवर पुन्हा चादर घातली.

२१ जुलै, रविवार

वर्ष झालं. डॉक्टर म्हणाले होते, बोलणं यायचं तर पहिल्या वर्षात येतं. आज त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं असं मला वाटलं. दिवसभर दोघांनीही तिकडे पुन्हा पाहिलं नाही.

८ ऑक्टोबर, मंगळवार

मालिकेचा भाग आज होता. राधाकृष्णने कार्ड टाकून कळवलं होतं. शेजारपाजारचे आले, गोरक्ष आला. ह्यांना टीव्हीसमोर बसवलं. मला वाटत होतं वीज जावी. नेमकी आज गेली नाही.

बराच वेळ नुसती माणसं बोलत होती. मग धरणाचा रस्ता आला आणि गाडी आली. मुलांनी आरडाओरडा केला, जालिंदर मिस्त्रीची गाडी. खिडकीतून डोंगर पळत होते. मग आतून, मागच्या सीटवरून. पांढरी साडी, अंबाडा, मान, स्टिअरिंगवरचा हात. चार-पाच सेकंद असतील. माझीच मान मी कधी पाहिली नव्हती. वाटलं त्यापेक्षा ताठ आहे. पुढे चढावरून गाडी सुटते ते आलं, इंजिनचा आवाज आला.

"क्लच," हे म्हणाले.

कुणाच्या लक्षात आलं नाही, सगळे टीव्हीकडे बघत होते. मी आणि गोरक्षने ऐकलं. स्पष्ट. आधीचं सगळं नुसतं घशातलं असायचं, हा शब्द होता. पंधरा महिन्यांतला पहिला शब्द, आणि तो माझी चूक काढणारा.

मी स्वयंपाकघरात गेले. लोक जाईपर्यंत तिथेच भांडी घासत बसले, घासलेलीच पुन्हा.

१० ऑक्टोबर, गुरुवार

गोरक्षला गाठून विचारलं, तू सांगितलंस? नाही म्हणाला. मग बराच वेळ हात पुसत राहिला आणि बोलला. ह्यांना त्या दिवशीच कळलं होतं. गाडी गल्लीच्या वळणावर आली तेव्हा खुर्चीत डोळे मिटून बसले होते ते तिच्या आवाजाने एकदम ताठ झाले, असं आक्कांनी त्याला सांगितलं. आणि मी आत पाणी आणायला गेले तेव्हा ह्यांनी डाव्या हाताचा पंजा गोरक्षपुढे वर-खाली केला. क्लच? तो हो म्हणाला. मग बोट माझ्या दिशेने. तो पुन्हा हो म्हणाला.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय न्हाई. हसले, बाई. ह्या बाजूनं."

पाच महिने दोघांनी मला काही कळू दिलं नाही. मी उगाच खोटं सांभाळत बसले आणि हे दोघे माझी गंमत बघत होते. हसायला काय झालं होतं? भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि माझ्या माघारी हसायचं. मला ह्या माणसाचं काही कळत नाही. आधीही कळत नव्हतं, तेव्हा निदान बोलायचे.

१३ ऑक्टोबर, रविवार

राधाकृष्ण पुन्हा आला. मालिका चालली आहे, पुढचे भाग दिवाळीनंतर भंडारदऱ्यालाच. गाडी हवी आणि मीही हवी. दुसरी कुणी त्या मुलीसारखी मागून दिसत नाही म्हणतो. सुट्टीच आहे ना तुम्हाला, म्हणाला.

मी ह्यांच्यासमोरच सांगितलं की मला जमणार नाही. गाडी हवी तर न्या, ड्रायव्हर तुमचा शोधा. माझं घर आहे, माणूस आहे माझं. बोलताना आवाज चढला. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. "जा."

मी वळून पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते. "जा," पुन्हा म्हणाले, जोर लावून, मानेच्या शिरा ताणून.

राधाकृष्ण चहा अर्धा टाकून उठला. मी ह्यांना काही विचारलं नाही. पंधरा महिने ज्याची लघवी काढली, पाठ पुसली, त्याने परक्या माणसासमोर मला जा म्हणावं. चूल विझलेली तशीच ठेवून मी ओट्याला टेकून उभी राहिले. रडू आलं, पण त्यालाही जोर नव्हता.

२७ ऑक्टोबर, रविवार

दोनच शब्द आले आहेत आणि दुसरा दिवसभर चालतो. पाणी देताना जा, पाठ पुसताना जा. परवा मी विचारलंच, कुठे जाऊ? त्यांनी डाव्या हाताने खिळ्याला लावलेली फोर्टीनची किल्ली दाखवली.

म्हणजे गाडी जाऊ दे. म्हटलं, विकायची का? हर्षलला सांगू? त्यांनी डोळे उघडेच ठेवले. मिटले तर मी हो धरीन म्हणून पापणी हलू दिली नाही, डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी. मी घाबरून म्हटलं, नाही, नाही विकत. तेव्हा मिटले.

मग काय हवंय?

आज दाढी करताना त्यांनी माझा हात धरला, वस्तरा बाजूला केला आणि नुसता धरून ठेवला. त्यांचा हात वाळून हलका झाला होता. बराच वेळ. दूध उतू जात होतं म्हणून मला उठावं लागलं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

रंगुआक्का अचानक दारात. पिशवी, घोंगडी, सगळं घेऊन. मी बोलावलं नव्हतं, तशा मेच्या भांडणानंतर आम्ही बोललोही नव्हतो.

"जालिंदरनं बोलावलं म्हनून आले," म्हणाल्या.

मला वाटलं चेष्टा. पण गोरक्षने घराला लागून असलेल्या गॅरेजमधून फोन लावून ह्यांच्या कानाशी धरला होता म्हणे. लांब वायर ओढून खिडकीतून आत घेतली होती, मी शाळेत असताना. "आदी नुसता श्वास ऐकू आला. मी म्हनलं कोन हाय, कोन हाय. ठेवनारच हुते. मंग म्हनला, ये." आक्कांनी पदराने तोंड पुसलं. "दीड वर्सानं बोलला माझ्यासंगं."

राधाकृष्णलाही गोरक्षने परस्पर हो कळवलं आहे. शुक्रवारी पोचायचं. सगळं ठरवून मोकळे झाले, मला कुणी विचारलं नाही. चिडले, आणि चिडता चिडता आक्कांना म्हटलं, ते मला घालवून द्यायला बघताहेत. आक्का माझ्याकडे बघत राहिल्या, जशा त्या न समजणाऱ्या नातवंडाकडे बघतात.

"शिकलेली हायेस ना तू?" म्हणाल्या. "त्यो जा म्हनतोय, तर जा की. आन् ये परत."

१५ नोव्हेंबर, शुक्रवार. भंडारदरा

पोचले. एकटीच आले, गोरक्षला गॅरेज होतं. आता सकाळचं लिहिते.

सहाला उठले तर हे आधीच बाहेरच्या ओट्यावर, खुर्चीत. गोरक्षने आंघोळ घालून, दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसवलं होतं. किल्ली त्यांच्या मांडीवर. मी घेतली. औषधं कुठे ठेवली ते आक्कांना पुन्हा सांगायला लागले, तर आक्का आत निघून गेल्या.

शेडमधून गाडी मागे घेत बाहेर काढायची म्हणजे एका बाजूला शेजाऱ्याची भिंत, दुसऱ्या बाजूला विजेचा खांब. दोन्हीकडे वीतभर जागा. नेहमी मागे उभं राहून कुणीतरी सांगावं लागतं. गोरक्ष मागे जाऊन उभा राहिला. ह्यांनी घशातून आवाज काढला. गोरक्ष थांबला. पुन्हा तसाच आवाज. तो बाजूला सरला आणि त्याने ह्यांची खुर्ची ओढून ओट्याच्या कडेला आणली, मला आरशात दिसेल अशी.

मी इंजिन सुरू केलं. आरशात पाहिलं तर डावा हात वर होता, पंजा स्वतःकडे वळवलेला, बोटं आत-आत हलत होती. येऊ दे. गॅरेजच्या दारात उभं राहून लोकांच्या मोटारी, टेम्पो ते असेच मागे घेत. मी क्लच सोडला. येऊ दे, येऊ दे. मग हात किंचित उजवीकडे झुकला, तसं स्टिअरिंग फिरवलं. पुन्हा सरळ. भिंत बघावी, खांब बघावा, हे मला सुचलंच नाही. मी फक्त त्या हाताकडे बघत होते, आणि तो थकत चाललेला दिसत होता. कोपर खाली येत होतं, ते पुन्हा वर घेत होते.

पंजा ताठ झाला. थांब.

गाडी रस्त्यावर होती. कुठेही न घासता. मी वळून पाहिलं. ते हसत होते, एका बाजूने, गोरक्षने सांगितलं होतं तसं. मग हात उलटा फिरवून त्यांनी पुढचा रस्ता दाखवला.

संगमनेर येईपर्यंत मी तिसऱ्या गिअरवरच चालवत होते. चौथा टाकायचा असतो हे लक्षातच आलं नाही.